मुंजाजीला न मानवलेली गोळी

मुंजाजी पलटणीतून परत आला तेव्हा अंगात खाकी कोट होता, पायात बूट होते आणि गळ्यात, माणसं ताईत बांधतात त्या जागी, पत्र्याची एक नळी होती. नळीत कागद होता. कोट दोन पावसाळ्यांत विरला. बूट चावतात म्हणून त्याने ते मेव्हण्याला देऊन टाकले. कागद मात्र राहिला, आणि आखाडा बाळापूरच्या आसपासच्या खेड्यांत त्या कागदाने जो मान मिळवला तो मी कुठल्या पाटलालाही मिळताना पाहिला नाही.

मी तेव्हा बाळापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मूळचा वसमतचा, थोडं इंग्रजी शिकलेला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि समोर लिंब. डॉक्टर होते सिद्दीकीसाहेब, हैदराबादकडचे. शांत माणूस. मराठी त्यांना समजायची, पण बोलताना ते आपल्या दखनीवरच यायचे. औषधं म्हणाल तर आमच्याकडे तीन मोठ्या बाटल्या होत्या, तांबडी, पिवळी आणि पांढरी. तांबडीने बरं वाटलं नाही तर पिवळी, पिवळीने नाही तर पांढरी, आणि पांढरीनेही नाही तर माणूस देवाकडे जायचा, म्हणजे देवळात किंवा थेट.

दुसरी मोठी लढाई अजून चालू होती तेव्हा मुंजाजी पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आला. अंगात ताप होता. डॉक्टरांनी नाडी बघायला हात पुढे केला, तर त्याने हात मागे घेतला, नळीचं टोपण काढलं आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला.

"आदी हे वाचा," तो म्हणाला. "मंग हात लावा."

कागदावर तीन ओळी होत्या. खाली लाल शाईची रेघ आणि गोल शिक्का. मजकूर साधा होता. या रुग्णाला सल्फाची, म्हणजे पिकलेल्या जखमेवर नि तापावर तेव्हा नव्याने देत ती, औषधं सोसत नसल्याचा संशय आहे, ती देऊ नयेत, एवढाच. मी वाचलं आणि त्याचा अर्थ सांगायला लागलो, तर त्याने हाताने थांबवलं.

"मतलब मला मालूम हाय. तुमाला वाचता येतं का, तेवढंच बघायचं व्हतं."

मी म्हटलं, "पण सुभेदार, ही दवा आमच्या दवाखान्यात नाहीच."

"नसू द्या," तो म्हणाला. "पर आली तर मला देऊ नका."

ती दवा आमच्याकडे यायला पुढे दोन वर्षं लागली. तोपर्यंत मुंजाजी तिच्यापासून सावध राहिला.

त्याला सुभेदार मी म्हणालो, कारण सगळेच म्हणत. खरं म्हणजे तो साधा शिपाई होता, खेचरांच्या पलटणीतला. घर मेंढरं पाळणारं, चार एकर कोरडवाहू. जनावर कसं हाकायचं, कुठं थोपटायचं, कधी शिवी द्यायची हे त्याला जन्मापासून येत होतं, म्हणून भरतीच्या वेळी त्याला खेचरांवर घातलं. समुद्रापलीकडे डोंगरांतून तो दारूगोळ्याची ओझी वाहून नेत होता. पण खेडेगावात शिक्क्याचा कागद गळ्यात घालून आलेल्या माणसाला शिपाई म्हणायला कुणाची जीभ रेटेल? गावाने त्याला एका दिवसात सुभेदार केलं. त्यानेही गावाचा शब्द मोडला नाही.

कागदाचं नाव गावाने वेगळंच पाडलं. इस्पितळातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुला अलर्जी आहे. त्याने घरी येऊन तसंच सांगितलं. आमच्याकडे निजामी अमलात अर्जीशिवाय पान हलत नसे, त्यामुळे लोकांना जे ऐकू यायचं ते आलं. पारावर बातमी झाली की मुंजाजीची अर्जी लाटसाहेबाने मंजूर केली. कशाबद्दलची अर्जी, हे कुणी विचारलं नाही. मंजूर झालेली अर्जी इतकी दुर्मीळ होती की विषय कुठला याला महत्त्व नव्हतं.

आणि विषय हळूहळू वाढत गेला. सुरुवातीला त्याला सल्फाची गोळी चालत नव्हती. मग एरंडेल चालेनासं झालं. मग वांगं. पुसेगावला सासुरवाडीला गेला की तिथली शिळी भाकर चालत नसे, आणि सासऱ्याने शेंगा उपटायला चला म्हटलं की ऊन चालत नसे. बायको गिरजाबाई कमी बोलणारी. ती एकदा माझ्याकडे खोकल्याचं औषध न्यायला आली होती तेव्हा एवढंच म्हणाली, "कंपोंडरसायेब, त्या कागदात पाणी शेंदायचंबी लिव्हलंय का हो?"

मी म्हटलं, "नाही."

"मला वाटलंच," असं म्हणून ती बाटली घेऊन गेली. घरी जाऊन तिने त्याला काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडच्या बायकांना नवऱ्याचं बरंचसं माहीत असतं, आणि त्यातलं फार थोडं त्या बोलून दाखवतात.

बाजाराच्या दिवशी मुंजाजी ओसरीवर येऊन बसे. त्याला औषध नको असायचं, श्रोते हवे असायचे. तो इस्पितळातल्या गोष्टी सांगे, आणि त्या मात्र ऐकण्यासारख्या असत. तंबूत रांगेने खाटा. शेजारच्या खाटेवर एक पंजाबी जवान, क्विनिन घेतलं की त्याच्या कानात घंटा वाजायची. डॉक्टर म्हणे औषधाने होतं. पंजाबी म्हणे, नाही, घरून बोलावणं येतंय, सुट्टी द्या. पलीकडे कोकणातला एक पोरगा, सुई टोचली की त्याचा हात दंडापर्यंत सुजायचा. त्याची खात्री होती की ही सुई आधी मेलेल्या माणसाला टोचलेली असते, आणि तो मेलेला आपल्या हातात राहायला आलाय. आणखी एकाला हिवतापाच्या पिवळ्या गोळ्या नको होत्या. त्या गोळ्यांनी मर्दानगी जाते अशी पलटणीत आवई होती, म्हणून तो खाजकुइली शोधून अंगाला चोळायचा आणि डॉक्टरला पुरळ दाखवायचा.

"आन् एक मद्रासी व्हता," मुंजाजी सांगे. "त्याला खरंच उठायचं. गोळी पोटात गेली की अंग लालबुंद. पर तो बाह्या खाली वढून बसायचा. काहून, तर घरी धाडतील आन् भाऊ हासतील. ज्याला व्हतं तो झाकून राहिला व्हता, ज्याला नव्हतं तो दावून राहिला व्हता. गोऱ्या सायबाला दोगंबी सारकेच."

"आणि डॉक्टर काय विचारायचे?" मी एकदा म्हटलं.

"सायबाला मराठी येत न्हाई, आमाला इंग्रजी येत न्हाई. मदी एक वार्डबॉय. सायेब लांबलचक बोलायचा, वार्डबॉय दोन शब्दांत इचारायचा. आमी लांबलचक सांगायचो, वार्डबॉय सायबाला एक शब्द सांगायचा. काम झटपट व्हायचं."

"तुमचं काय झालं होतं मग?"

त्याने नळी चाचपली. "माझं लिहून दिलेलं हाय ना," तो म्हणाला, आणि कापसाच्या भावावर बोलायला लागला.

गिरदावरांची गोष्ट त्यानंतरची. महसुलाचे गिरदावर दौऱ्यावर आले की त्यांचं सामान पुढच्या गावापर्यंत फुकट वाहून न्यायचं, ही वेठ गावाच्या मानगुटीवर होती. त्या वेळी चार माणसं बोलावली, त्यात मुंजाजी. तो चावडीवर गेला, सलाम ठोकला आणि ओझ्याला हात लावण्याऐवजी कागद पुढे केला.

गिरदावरांना उर्दू उत्तम येत होतं, इंग्रजी अजिबात नाही. पण चावडीसमोर पन्नास माणसं उभी. त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला, लाल रेघेवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "बराबर है," ते म्हणाले. "इनको जाने दो." आणि वर पाटलाला दरडावलं की अशा माणसाला बोलावलंच कसं.

पाटलाने माफी मागितली. आठ दिवसांनी गावातला दुसरा एक जण मुंजाजीकडून कागद मागून घेऊन गेला. पुढच्या दौऱ्यात तोही वेठीतून सुटला. मग तिसरा. कागदावर नाव मुंजाजीचं, तोंड तिसऱ्याचं, आणि गिरदावर दर वेळी त्याच गंभीरपणे मान हलवत. एकदा 'बराबर है' म्हटल्यावर त्यांना मागे फिरायला वाट नव्हती. सल्फाच्या गोळीने आमच्या तालुक्यात कुणाचं काय बरं केलं ते मला सांगता येणार नाही, पण ती न चालल्यामुळे निदान अर्धा डझन माणसं ओझ्यातून सुटली.

त्या कागदाने मुंजाजीला एकदाच दगा दिला. देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं संस्थान व्हायचं राहिलं होतं. सगळीकडे धामधूम. कोण कुणाकडे चिठ्ठ्या पोचवतो, कोण रात्री कुणाला भाकरी देतो, याच्या चौकशा चालू होत्या. मुंजाजी वसमतकडे निघाला होता. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर तो चार दिवस त्या बाजूला जायचा. विचारलं की म्हणायचा, पेन्शनीचं काम आहे. वाटेत एका चौकीवर त्याला अडवलं. झडतीत नळी सापडली. तिथल्या पोलीस अमिनाला थोडं इंग्रजी येत होतं, आणि थोडं येणं हे मुळीच न येण्यापेक्षा वाईट. त्याला तीन ओळींतला पहिलाच शब्द ओळखू आला, सस्पेक्टेड. संशयित.

मग काय राहिलं? खुद्द फौजेनेच लिहून दिलं होतं की हा संशयित आहे. अमिनाने त्याला कोठडीत बसवलं आणि विचारलं, "किस चीज का शक है तुझपर?"

मुंजाजीने प्रामाणिकपणे सांगितलं, "गोळीचा, सायेब."

हा शब्द त्या काळात त्या जागी बोलण्यासारखा नव्हता. त्याचे हात बांधले गेले. कसली गोळी, किती गोळ्या, कुणाकडून मिळाल्या, असे प्रश्न सुरू झाले. मुंजाजी उत्तरं देत गेला. रोज आठ, पाण्यासंगं, सरकारनंच दिल्या. दोन दिवस त्याने मार खाल्ला. तिसऱ्या दिवशी गिरजाबाई आमच्याकडे आली आणि सिद्दीकीसाहेब स्वतः टांग्याने चौकीवर गेले, सोबत मी. साहेबांनी अमिनाला उर्दूत अर्धा तास समजावलं. अमिनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मतलब शक आदमी पर नहीं, दवा पर है?"

"जी," साहेब म्हणाले.

"तो दवा को पकडना था," अमीन म्हणाला, आणि त्याला सोडलं.

परतताना टांग्यात मुंजाजीची पाठ टेकत नव्हती. मी म्हटलं, "सुभेदार, आता तरी तो कागद घरी ठेवा." त्याने मान डोलावली. हात मात्र नळीवरच होता. तो कागद त्याच्या लेखी नुसता मिरवण्यापुरता नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं. काय आहे ते कळलं नाही.

ते कळलं त्याच थंडीत.

त्याला एक मुलगी होती, लक्षी, नऊ-दहा वर्षांची. बोलकी, बापासारखी. एका सकाळी बैलगाडी लिंबाखाली थांबली. गिरजाबाईच्या मांडीवर पोरगी होती आणि तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. पाच दिवसांचा ताप. ओठ काळसर पडलेले. श्वास असा चालला होता की तो आपल्यालाच ओढावा लागतोय असं वाटावं. साहेबांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे पाहिलं. न्यूमोनिया, तोही दोन्हीकडे. तांबडी, पिवळी, पांढरी यांचा आता उपयोग नव्हता. पण कपाटात सल्फाच्या गोळ्यांचा एक डबा होता. मी किल्ली काढली.

मुंजाजी कपाटासमोर येऊन उभा राहिला.

"ती न्हाई," तो म्हणाला. "आमच्या रगतात ती चालत न्हाई. कागद हाय."

साहेबांनी समजावलं की बापाला चालत नाही म्हणजे मुलीला चालणार नाही असं नसतं. तो हलला नाही. मीही सांगून पाहिलं. तो कागद बाहेर काढायला लागला. तेव्हा बाकड्यावरून गिरजाबाई बोलली. आवाज चढला नव्हता.

"कागद तुमचा हाय. पोरगी माझी हाय. बाजूला व्हा."

मुंजाजी नळीशी झटत राहिला. टोपण निघेना. सिद्दीकीसाहेब उठले, त्यांनी त्याला धरून स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसले आणि मला म्हणाले, "मैं पूछता हूं, तुम इसको मराठी में पूछो. जो बोले, पूरा बोलने दो." मग शांतपणे विचारायला लागले. जखम कशाची होती? खेचराने मांडीला लाथ मारली, ती पिकली. इस्पितळात कसा आलास? आगगाडीने, दोन दिवस. गोळी पहिली कधी खाल्ली? इस्पितळात, खाटेवर. अंगावर पुरळ कधी दिसलं?

मुंजाजीने पोरीकडे पाहिलं.

"गोळीच्या आधी की नंतर?" मी विचारलं.

बाहेर बैल मान हलवत होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. पोरीचा श्वास ऐकू येत होता.

"आगगाडीत," तो म्हणाला. "आगगाडीतच उठलं व्हतं. सगळ्या अंगावर."

"म्हणजे गोळीच्या आधी."

"आदी."

"मग डॉक्टरांना तसं सांगितलं का नाहीस?"

"सायबानं वार्डबॉयला सांगितलं, वार्डबॉयनं मला इचारलं, गोली खाने के बाद दाने थे? मी म्हणलो, जी. व्हतेच की. आदीबी व्हते, बादमदीबी व्हते. त्यानं बादचं इचारलं." तो जमिनीकडे बघत होता. "पलटणीत जेवढं इचारलं तेवढंच सांगायचं असतंय."

साहेब डोळे मिटून बसले. मग त्यांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं, "कागद चुकीचा आहे हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग?"

तो सांगायला लागला. जखमेवर पलटणीत तीच सल्फाची भुकटी टाकत. ती ज्याला चालत नाही त्याला पुढच्या फळीवर पाठवून उपयोग नाही, असं ठरवून त्याला मागच्या ठाण्यावर ठेवलं आणि पुढे घरी पाठवलं. त्याची खेचरं गणपतला दिली. गणपत वसमतकडच्याच एका खेड्यातला, दोघं एकाच दिवशी भरती झालेले. चौथ्या दिवशी डोंगराच्या वळणावर तोफगोळा पडला. खेचरं गेली आणि गणपतही गेला.

"मी तोंड उघडलं असतं तर मी गेलो असतो त्या वाटेनं," मुंजाजी म्हणाला. "आता कागद खोटा हाय म्हणलं, तर मंग गणपत कशापायी मेला? कागद खराच असाया पायजे, सायेब. न्हाई तर मला जगता येत न्हाई."

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावरचं पेन्शनीचं काम काय होतं, तेही तेव्हा कळलं. तो गणपतच्या आईकडे जायचा. तिचं छप्पर शाकारून द्यायचा, सरपण फोडून ठेवायचा आणि खरं काही न सांगता परत यायचा.

गिरजाबाईनेही हे सारं त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं असावं. ती नवऱ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी गोळी फोडली, सोड्याच्या पाण्यात कालवली आणि चमचा गिरजाबाईच्या हातात दिला. मुंजाजी मधे आला नाही. पोरीने गिळलं. वर भांडंभर पाणी पाजलं.

थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला. "मलाबी एक द्या," म्हणाला. "आदी माझ्या अंगावर उठतं का बगू."

साहेबांनी ऐकलं. "दवा शौक से नहीं खाते मुंजाजी," ते म्हणाले. "बैठो."

तो बसला. दर चार तासांनी गोळी. तो पोरीचे दंड, पोट, पाठ उघडून बघायचा, की लाल काही दिसतं का. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा ताप उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली आणि बापाला विचारलं, "तुमी काहून रडून राहिले?" तो म्हणाला, धूर लागला. दवाखान्यात चूल नव्हती.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण खरं बोलणं एवढं सोपं नसतं, निदान आमच्या तालुक्यात तरी नव्हतं. पोरगी बरी झाल्यावर मुंजाजीने आपल्या मनाने ठरवलं की आता सगळ्यांना सांगून टाकायचं. तो पारावर गेला आणि म्हणाला की माझ्या कागदात लिहिलंय ते खोटं आहे, मला सगळ्या गोळ्या चालतात.

गावाला ते आवडलं नाही. त्या कागदावर अर्धा डझन माणसं वेठीतून सुटली होती. म्हाताऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. चौकीवर मार खाल्ल्यापासून सुभेदाराचं डोकं फिरलंय असंही कुणी म्हणालं. शिक्का खोटा कसा असेल, लाल रेघ खोटी कशी असेल? त्याला वांगं वाढायला कुणी तयार होईना. एका घरी तो मागून जेवला, तर यजमानीणबाई शेवटपर्यंत त्याच्या अंगाकडे बघत बसली.

शेवटी तो साहेबांकडे आला आणि म्हणाला, "नवा कागद लिहून द्या." साहेबांनी लिहून दिला. उर्दूत आणि इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, की या माणसाला सल्फाचं औषध घेतल्याने बाधा झाल्याचा पुरावा नाही, तपशील विचारून खात्री केली आहे. खाली सही. गिरदावर पुढच्या दौऱ्यावर आले तेव्हा मुंजाजी आपणहून ओझं उचलायला गेला आणि त्याने नवा कागद दाखवला. गिरदावरांना तो पूर्ण वाचता आला. वाचता आला म्हणूनच त्यांना शंका आली. सरकारी कागद असा समजेल असा असतो कुठे? त्यांनी तो परत केला आणि पाटलाला म्हणाले, "ये नकली है. इनका असली कागज मैंने खुद देखा है." आणि ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं.

मुंजाजी त्या ओझ्यामागे पुढच्या गावापर्यंत रिकाम्या हाताने चालत गेला. काहून, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "निदान चाललो तरी."

त्या वर्षी तो वसमतकडे दिवाळीची वाट न बघता गेला. गणपतच्या आईला त्याने सगळं सांगितलं, असं गिरजाबाईकडून कळलं. म्हातारी काय म्हणाली ते मात्र गिरजाबाईला त्याने सांगितलं नव्हतं. एवढंच की तो चार दिवसांऐवजी महिनाभर तिकडे राहिला, आणि परत आला तेव्हा त्याने कापूस वेचायला गिरजाबाईबरोबर पहिल्यांदाच पूर्ण दिवस भरला. ऊन चाललं.

संस्थानी राज्य गेलं. माझी बदली वसमतला झाली, सिद्दीकीसाहेब हैदराबादला परत गेले. नव्या सरकारचे लोक आले आणि त्यांच्याबरोबर नवीन वह्या आल्या. पटकीची साथ येऊ नये म्हणून बाजाराच्या मैदानावर टोचणीचं मेज मांडलं होतं. मी सुया उकळत होतो. मेजाशी एक तरुण कारकून बसला होता, नागपूरकडून आलेला. प्रत्येकाला नाव, गाव, वय विचारायचं, आणि पूर्वी कुठल्या औषधाने त्रास झाला का ते विचारायचं, असा त्याला हुकूम होता. तो हे सगळं एका दमात विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडण्याआधी 'नाही' लिहायचा. रांग भराभर पुढे सरकत होती.

रांगेत मला मुंजाजी दिसला. त्याने एका म्हातारीला धरून आणलं होतं. ती पार वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने मला पाहिलं नाही, किंवा पाहून ओळख दिली नाही. म्हातारीचा नंबर आला. कारकुनाने आपलं एका दमातलं विचारलं आणि टाक दौतीत बुडवला.

मुंजाजीने वहीवर हात ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "तिला ऐकू कमी येतं. एकेक इचारा. ती सांगती."

"मागे रांग आहे," कारकून म्हणाला.

"व्हय, हाय."

मागच्या लोकांत कुरकुर सुरू झाली. मुंजाजीने ती ऐकली आणि हात उचलला नाही. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी सुयांकडे पाहिलं. मग त्याने घसा खाकरला आणि वाकून, म्हातारीच्या कानाशी, सावकाश विचारलं, "आजीबाई, तुम्हाला आजवर कशाचा काही त्रास झालाय का?"

म्हातारीने तोंड त्याच्याकडे वळवलं. असा प्रश्न तिला कुणी बऱ्याच वर्षांत केला नसावा. ती तिथेच मातीत बसली, पदर सारखा केला आणि सांगायला लागली. मुंजाजीने खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी ताणलं आणि तिच्या डोक्यावर सावली धरून उभा राहिला.

"माझा गणपत व्हता," ती म्हणाली, "तवापासून सांगते."